एकामागे एक, तोंड बंद

चंद्रपुरात सकाळी फिरायला जाणं हा व्यायाम कमी आणि निर्णय जास्त असतो. पुण्याचा माणूस पहाटे उठतो, बूट घालतो आणि निघतो. आमच्याकडचा माणूस आधी पेपर वाचतो. काल अस्वल कुठल्या वॉर्डात शिरलं, दुर्गापूरच्या बाजूला दिसला तो वाघ होता की बिबट, वीज केंद्राच्या आवारात कोणाच्या गाडीच्या उजेडात काय आडवं गेलं, एवढं सगळं समजून घेतलं की मग घरात ठराव होतो, आज रस्त्यावर जायचं की गच्चीवरच पन्नास चकरा मारायच्या. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले आणि त्यातला फार मोठा हिस्सा एकट्या चंद्रपूर जिल्ह्याच्या नावावर आहे. उरलेल्या महाराष्ट्राला या आकड्याचा अभिमान वाटतो. आम्हालाही वाटतो, फक्त दिवसाउजेडी.

अशा जिल्ह्यात काही लोक रविवारी मुद्दाम वर्गणी भरून जंगलात पायी चालायला जातात. मी त्यांच्यातलाच. वीस-पंचवीस माणसं, पुढे गाईड, मागे एक वनमजूर, मधे आम्ही. कोणी याला जंगल भ्रमंती म्हणतं, कोणी निसर्गवाट, आणि घरचे म्हणतात, 'रविवारी सुखानं झोपायचं सोडून काय ते.'

वाघ बघायचा असेल तर जिप्सीत बसावं लागतं. ताडोबाच्या कोरमध्ये गाडीतून पाय खाली टाकायची मुभा नाही, मंगळवारी सुट्टी, आणि पावसाळ्यात तीन महिने कोरचे गेट बंद. पायी चालायचं तर बफरमधल्या नेमून दिलेल्या वाटा, नाहीतर प्रादेशिक वनविभागाचं जंगल, नाहीतर सरळ वैनगंगा ओलांडून गडचिरोली. कुठेही गेलात तरी परवानगी हवी आणि गाईड हवा. हे नियम कोणी हौसेनं केलेले नाहीत. २०२१ च्या नोव्हेंबरात कोरमध्ये पायी पाहणीचं काम करताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. जंगलात चालणं हे तिचं रोजचं काम होतं. त्यामुळे 'मी लहानपणापासून जंगलात हिंडतो, मला कशाला लागतो गाईड' असं म्हणणारा एखादा काका निघाला की गाईड त्याच्याशी वाद घालत नाहीत. त्याला ओळीच्या बरोबर मधे उभं करतात.

पायी फिरण्याची इथली परंपरा तशी जुनी आहे. ताडोबाच्या तळ्याकाठी ज्या देवाचं ठाणं आहे तो तारू. कथा अशी, की तो गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला. पौषात आदिवासींची तिथं जत्रा भरत आली आहे. म्हणजे ताडोबात पायी जाऊन जवळून वाघ बघितलेल्या माणसाचं देऊळ आहे. आमच्यापैकी कोणाची त्या पदासाठी उमेदवारी नाही. जाता जाता, ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं, असं आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. १९५५ साली चांदा जिल्हा महाराष्ट्रात नव्हताच, मध्य प्रदेशात होता, हे मात्र पाहुण्यानं विचारल्याशिवाय सांगत नाही.

सहलीची सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपवर होते आणि पुष्कळांची सहल तिथंच संपते. 'रविवारी जंगल भ्रमंती, कोण कोण येणार?' असं पडलं की अर्ध्या तासात चाळीस अंगठे वर होतात. शुक्रवारी त्यातले निम्मे 'बघतो'वर येतात. शनिवारी रात्री लग्नं, बारशी, साडू आणि एकाएकी भरलेली कणकण यांची रांग लागते. सूचना मात्र येणाऱ्या-न येणाऱ्या सगळ्यांसाठी सारख्याच सविस्तर असतात. भडक कपडे नकोत, अत्तर नको, गाणी नकोत, पूर्ण बाह्या, आपली बाटली आपण आणायची. त्यावर एका वहिनींनी मनापासून विचारलं होतं, "मरून चालेल का?" संयोजकांनी तत्काळ उत्तर दिलं, "नाही वहिनी, जिवंतच या."

जमायचं वरोरा नाक्यावर, साडेपाचला. साडेपाचला संयोजक येतो. सहाला तो फोन लावायला लागतो तेव्हा प्रत्येकजण 'निघालोच' असतो आणि मागे बादलीत नळ सुरू असल्याचं ऐकू येत असतं. साडेसहाला सगळे जमतात तोवर टपरी उघडलेली असते, आणि विदर्भात गरम तर्री-पोहे समोर असताना पुढे जाणं हा अन्नाचा अपमान समजला जातो. पहाटेचे पक्षी बघायला म्हणून निघालेली मंडळी जंगलाच्या तोंडाशी पोचतात तेव्हा पक्ष्यांचा नाश्ता होऊन ते दुसऱ्या पाळीला लागलेले असतात.

आमच्यात नेहमी येणारे दोन काका आहेत. एक बल्लारपूरच्या पेपर मिलमधून निवृत्त, दुसरे वेकोलिच्या कोळसा खाणीतून. पेपरवाल्या काकांना बांबूचं बेट दिसलं की ते थांबतात, वर बघतात, मनाशी हिशोब करतात आणि सांगतात, "यात दहावीचे दोन पेपर सुटतील. पुरवण्या धरून." साग बघून त्यांना काही होत नाही. सागाचा कागद होत नाही म्हणून ते त्याला झाडांमधला वरच्या जातीचा पण निरुपयोगी सरकारी अधिकारी समजतात. वेकोलिवाल्या काकांचा जमिनीच्या वर असलेल्या कोणत्याच गोष्टीवर विश्वास नाही. आयुष्यभर त्यांनी जमिनीच्या पोटात काय आहे ते बघितलं. सगळं जंगल त्यांच्या दृष्टीनं कोळशावरची माती. चालताना ते मधेच काठी आपटतात, आवाज ऐकतात आणि गप्प होतात. त्या गप्प होण्याची आम्हाला वाघापेक्षा जास्त भीती वाटते, कारण ते जिथं गप्प झाले तिथं उद्या खाण निघायची.

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा पुण्याहून आला होता. सह्याद्रीतले किल्ले मोजून काढलेला मुलगा. पाठीवर नळीतून पाणी पिण्याची पिशवी, दोन्ही हातांत घडीच्या काठ्या, मनगटावर उपग्रहाशी बोलणारं घड्याळ. गाडीतून उतरताच त्यानं विचारलं, "मामा, एलेव्हेशन गेन किती आहे?"

मी गाईडताईंकडे बोट दाखवलं. आमच्या गाईड बफरमधल्याच एका गावच्या. ताडोबाच्या आजूबाजूच्या गावांतल्या मुलामुलींना वनविभागानं शिकवून गाईड केलंय, त्यातल्या त्या एक. खाकी ड्रेस, हातात फक्त एक बांबूची काठी, आणि आम्हा सगळ्यांच्या मिळून बुटांच्या किमतीत ज्यांची दुकानासकट खरेदी होईल असे साधे कॅनव्हासचे जोडे. भाच्यानं त्यांना विचारलं, "ताई, टॉप कुठे आहे? म्हणजे सगळ्यात वरचा पॉइंट?"

ताई म्हणाल्या, "वर काई नाई जी. सारं खालीच हाये."

भाचा हिरमुसला. त्याचं चुकलं नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला चालण्याचं फळ म्हणून वर काहीतरी हवं असतं. बुरूज, भगवा, खाली दिसणारं धरण, वारा, आणि तिथं उभं राहून काढलेला फोटो. झाडीपट्टीत चालून चालून माणूस झाडापाशी पोचतो. तिथून पुढे गेला की आणखी एका झाडापाशी. चढच पाहिजे असेल तर नागभीड-तळोधीकडे पेर्जागडचा सातबहिणींचा डोंगर आहे, गडचांदूरच्या पुढे माणिकगड आहे. पण बफरमधल्या या वाटेवर सर्वांत उंच जागा म्हणजे एक वारूळ, आणि त्यावरही अस्वलानं आधीच चढाई करून ते अर्धं पाडलेलं. दिवसअखेर भाच्याच्या घड्याळानं अकरा मीटर चढण नोंदवली. त्यातले काही मीटर तो पोह्यांसाठी चढलेल्या ओट्याचे असावेत.

जंगलात शिरताना ताई दोनच नियम सांगतात. एकामागे एक चालायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पहिला नियम आम्ही फार तर दोनशे पावलं पाळतो. मग ज्याला ज्याच्याशी बोलायचंय तो त्याच्या शेजारी येतो, ओळीची पंगत होते, पंगतीची सभा होते. दुसऱ्या नियमाबद्दल न बोललेलं बरं. विशेषतः आमच्यातल्या एका वैद्यकीच्या छांदिष्टाला कुठलंही पान दिसलं की राहवत नाही. तोडायचं नाही एवढं पथ्य तो पाळतो, पण वाकून प्रत्येक झुडपाला 'शुगरवर रामबाण' असं प्रमाणपत्र देतो. एकदा त्यानं एका झुडपाचं असंच माहात्म्य सांगितलं, वहिनी लोकांनी फोटो काढले, दोघींनी नाव लिहून घेतलं. ताईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "याले शेळी पन तोंड लावत नाई जी."

ताई स्वतः फार बोलत नाहीत. ऐनाच्या खोडाशी थांबतात, मगरीच्या पाठीवर असतात तशा खवल्यांच्या सालीवर हात ठेवतात, म्हणतात, "उन्हाळ्यात यात पानी धरून ठेवते." पुढे जातात. पांढऱ्याफटक खोडाचं भुताचं झाड दाखवतात, रात्री चांदण्यात ते कसं दिसतं ते सांगत नाहीत, कारण आमच्यातल्या निम्म्यांना तेवढ्यानं घाम फुटलेला असतो. वाटेवर आडव्या जाळ्यातला तळहाताएवढा कोळी दाखवतात आणि सगळी ओळ त्या जाळ्याखालून वाकून जाते. आमच्या संयोजकाला एवढा वाकलेला मी फक्त पालकमंत्र्यांसमोर पाहिलाय.

हल्ली पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सांगणारं अ‍ॅप आलंय. त्यामुळे प्रत्येकाचा फोन हवेत असतो आणि कोणीच पक्ष्याकडे बघत नाही. मागे एका अ‍ॅपनं फारच दुर्मिळ पाहुणा सापडल्याचं जाहीर केलं. दबा धरून सगळे खाली बसले. पुन्हा आवाज, पुन्हा तेच नाव. दुर्बिणी फिरल्या. ताई मागे वळून म्हणाल्या, "थो पक्षी नोहे जी. काकाचा जोडा करकरून राहिला." वेकोलिवाल्या काकांनी पाऊल उचललं, अ‍ॅपनं पुन्हा नाव सांगितलं.

मग येतात ती पाच मिनिटं. चालता चालता एखाद्या नाल्याकाठी ताई सगळ्यांना बसवतात आणि म्हणतात, पाच मिनिटं कोणीच काही करू नका, फक्त ऐका. ही पाच मिनिटं आमच्या ग्रुपच्या इतिहासात कधी पूर्ण झालेली नाहीत. पहिल्या मिनिटात शांतता पसरते. एक हळद्या शीळ घालतो. दूर कुठेतरी माकड खाकरतं. दुसऱ्या मिनिटात सांबारवडीच्या डब्याचं झाकण उघडतं, एवढ्या जपून की जपण्याचाच आवाज होतो. तिसऱ्या मिनिटाला मात्र असा एक आवाज येतो की ज्याची कुठल्याही पक्षिशास्त्राच्या पुस्तकात नोंद नाही, पण चंद्रपूर-गडचिरोलीचं शेंबडं पोरही ओळखेल. प्लॅस्टिकच्या तुकड्यात खर्रा घोटल्याचा. सुपारी, तंबाखू, चुना, तळहातावर अंगठ्याचा एकसारखा दाब. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला गेली. खर्रा मात्र सरकारं आली-गेली तरी दोन्ही जिल्ह्यांत टिकून राहिला, आणि जंगलात सर्वांत खात्रीनं होणारं सायटिंग म्हणजे वाटेच्या कडेला पडलेली खर्ऱ्याची पन्नी. ताई ती उचलतात, आपल्या पिशवीत टाकतात आणि ज्यानं टाकली असेल त्याच्याकडे न बघता पुढे चालायला लागतात. त्या न बघण्यानं माणूस पुढचे दोन तास थुंकत नाही.

भाचा आला होता त्या दिवशी थोडं वेगळं घडलं. एका वळणावर ताई थांबल्या आणि काठी आडवी धरली. वाटेवरच्या मऊ धुळीत पंजा उमटला होता. गोलसर, नखं नसलेला, मागची गादी स्पष्ट, चार बोटं स्पष्ट. सगळे भोवती गोळा झाले. कॅमेरे निघाले. पुढच्या वेळी दाखवायला म्हणून एकानं पंजाशेजारी आपलं पाकीट ठेवलं. पेपरवाल्या काकांनी पहिल्यांदाच कशाचाही कागद केला नाही.

ताई उकिडव्या बसल्या होत्या. त्यांची काठी पंजावर नव्हती, पंजावरून गेलेल्या एका बारीक रेघेवर होती. सायकलच्या टायरची नक्षी. पंजाच्या दोन बोटांचा ठसा त्या टायरनं थोडा दाबला होता.

"वाघ रातच्याला गेला," ताई म्हणाल्या. "सायकल पहाटं गेली. वाघाच्या ठशावर चाकाचा ठसा हाये, म्हणजे चाक मागून."

भाचा भारावला. "म्हणजे हा सायकलवाला वाघाच्या मागून चालला होता? त्याला माहीत तरी होतं का?"

"माहीत अशीन ना."

"कोण असेल हो?"

"माजे बाबा असतीन. या वाटेनं तेच जातेत कामावर. मागच्या चाकाले पंक्चरचा ठिगळ हाये, थो पाहा, इथं उमटला."

आम्ही पाहिलं. नक्षीत ठराविक अंतरावर एक चौकोनी गुळगुळीत डाग येत होता. पंचवीस माणसं, परवाना, गाईड, वनमजूर, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी, आणि भाच्याच्या घड्याळात संकटाच्या वेळी दाबायचं बटन, एवढ्या तयारीनिशी आम्ही जिथं पोचलो होतो तिथून एक माणूस पहाटे अंधारात, हँडलला डबा लटकवून, एकटा गेला होता. उद्याही जाणार होता. भाच्यानं घड्याळाकडे बघितलं आणि बाही खाली ओढून घेतली.

या दोन जिल्ह्यांत जंगलात पायी जाणारे खरे लोक ते आहेत. त्यांची कोणी वर्गणी घेत नाही. मार्च-एप्रिलात मोह पडायला लागला की बायामाणसं तांबडं फुटायच्या आत झाडाखाली पोचतात, कारण उशीर केला तर फुलं चितळं आणि अस्वलं खातात. मे महिन्यात तेंदूपत्ता. पारा ४५ च्या पुढे, आणि माणूस वाकून पानं तोडतोय. वाघाचे पुष्कळसे हल्ले अशाच वेळी होतात; वनखात्याचे लोक सांगतात की वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटतच नाही. आमच्या ग्रुपमध्ये या गोष्टी कोणी सहसा काढत नाही. त्या दिवशीही काढल्या नाहीत. फक्त पुढचा पाऊण तास सगळे एकामागे एक चालले आणि तोंडं बंद होती. ताईंना नियम पुन्हा सांगावा लागला नाही.

जेवण गावात, बचत गटाच्या बायांकडे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, त्यावर तूप. इथं मात्र आमचा ग्रुप कुठल्याही गिर्यारोहण संस्थेला मान खाली घालायला लावेल. सकाळी 'गुडघा', 'कंबर' आणि 'डॉक्टरनं सांगितलंय' या तीन शब्दांवर चालणारी माणसं रोडगा बघून मांडी घालून बसतात ती तासभर हलत नाहीत. मागचा वनमजूर भिंतीला टेकून झोपला होता. रात्री शेजारच्या गावात झाडीपट्टीचं नाटक होतं, पहाटेपर्यंत चाललं, आणि तो तिथून सरळ आमच्या रक्षणाला आला होता. ही गोष्ट आम्हाला जेवणानंतर कळली, ते बरं झालं.

घरी आल्यावर प्रश्न एकच असतो. शेजारी, दूधवाला, सासरे, सगळ्यांचा एकच. "वाघ दिसला?" नाही म्हटलं की माणसं असा चेहरा करतात की आपण जंगलात गेलोच नव्हतो. 'तुम्हाला वाघ दिसला नसेल, पण वाघानं तुम्हाला पाहिलंय' अशा अर्थाची पाटी पुष्कळ जंगलांच्या दारात असते. वाघाला हे बघणं किती कंटाळवाणं होत असेल याचा विचार ती पाटी लिहिणाऱ्यानं केलेला दिसत नाही. दर रविवारी तीच पंचवीस माणसं, तोच करकरणारा जोडा.

गडचिरोलीत हा प्रश्न थोडा मवाळ होतो, कारण तिथं जाण्याचंच घरच्यांना जास्त अप्रूप असतं. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरपासून हा जिल्हा वेगळा झाला तेव्हा जंगलाचा मोठा वाटा तोच घेऊन गेला. आजही जिल्ह्याचा दोन-तृतीयांशाच्या आसपास भाग जंगलाखाली आहे. पुण्यातले नातेवाईक 'गडचिरोलीला कशाला?' असं ज्या आवाजात विचारतात त्या आवाजात आम्ही 'कात्रजला फ्लॅट?' असं विचारतो.

आम्ही आलापल्लीला गेलो ते 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' बघायला. भामरागडच्या रस्त्यावर न तोडता राखलेल्या जुन्या जंगलाचा हा तुकडा. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, राज्यातला पहिला. आतले साग इतके सरळ वर गेलेत की शेंडा बघताना टोपी पडते. पहिली पडली ती पेपरवाल्या काकांची. आयुष्यभर सागाला हिणवलेल्या माणसानं खोडाला हात लावला आणि तसाच उभा राहिला. कोणीतरी माहिती पुरवली की इकडच्याच सागाचं लाकूड २०२३ मध्ये बल्लारपूरहून मोठ्या मिरवणुकीनं अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी गेलं. काका म्हणाले, "ते ठीक आहे. पण उभं असलेलं बरं दिसतं." मग तिघांनी हात पसरून एका खोडाला कवटाळलं. त्यांना मापायचं होतं, पण फोटोत ती झाडाच्या गळ्यात पडून रडणारी माणसं दिसतात. काकांच्या सुनेनं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा नागपूरहून 'काय झालं?' म्हणून फोन आला.

तिथून खाली सिरोंच्याकडे वडधमला दगड झालेली झाडं आहेत, डायनासोरच्या काळातल्या हाडांसकट. तिथं वेकोलिवाले काका खुलले. पहिल्यांदाच त्यांच्या ओळखीचं जंगल भेटलं. एका दगडी ओंडक्याला थोपटत म्हणाले, "ह्याचा दगड झाला. आमच्याकडच्याचा कोळसा झाला. नशीब एकेकाचं." बाकी दिवसभर ते इतके बोलले की त्यांच्या जोड्याचा आवाज कोणाला ऐकू आला नाही.

आणि कमलापूर. राज्यातला हा एकमेव शासकीय हत्ती कॅम्प. तिथल्या हत्तींना दर हिवाळ्यात काही दिवस वैद्यकीय रजा असते. त्या दिवसांत पर्यटन बंद, काम बंद, आणि जडीबुटी उकळून केलेल्या गरम लेपानं हत्तींचे पाय शेकतात. याला तिथं चोपिंग म्हणतात. ही माहिती ऐकून आमच्या ओळीत जी शांतता पसरली ती खरी शांतता. खर्रा नाही, डबा नाही, अ‍ॅप नाही. पंचवीस माणसं आपापल्या पोटऱ्यांकडे बघत होती. एका वहिनींनी माहुताला विचारलं, की हा लेप बाहेरच्यांना विकत मिळतो का. माहुतानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि फार सभ्यपणे सांगितलं, "हत्तीचं माप आहे, ताई."

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला जायचं अजून राहिलंय. २००९ साली देशात पहिल्यांदा सामूहिक वनहक्क ज्यांना मिळाला त्यातलं हे गाव. तिथलं जंगल गावाच्या हातात आहे आणि निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वांच्या एकमतानं. आमच्या ग्रुपला तिथं नेण्याआधी संयोजक जरा विचार करतोय. पोहे कुठे खायचे यावर ज्यांचं आजवर एकमत झालं नाही, त्यांना एकदम अशा गावात न्यावं की टप्प्याटप्प्यानं, असा त्याला प्रश्न आहे.

तर वाचकहो, पुढची भ्रमंती पक्षी सप्ताहात आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा, म्हणून राज्य सरकारनं हा मधला आठवडा पक्ष्यांना दिलाय. निदान त्या आठवड्यात तरी वाघाची चौकशी करू नका. यायचं असेल तर 'येतो' असं लिहा, नसेल तर 'येत नाही' असं लिहा. 'बघतो' लिहिणाऱ्यांचे पोहे आता मागवले जात नाहीत. करकरणारे जोडे घरी ठेवा, स्पीकर घरी ठेवा, खर्रा गाडीत ठेवा. गाईडची फी ठरलेली असते, त्यात घासाघीस करू नका, आणि जमलं तर वरून थोडे जास्त द्या. ताईंच्या बाबांच्या सायकलला मागचा टायर नवा हवा आहे.